साखरेचा रोजमेळ

इतवारीतील जुन्या पेढ्यांवर अजूनही एक शिस्त टिकून आहे. रोकड आणि रोजमेळ यांचा ताळा बसल्याखेरीज दिवसाचा हिशेब बंद होत नाही. दहा रुपयांचा फरक निघाला तरी मुनीमजी पाने उलटून तो शोधतात. त्याच घरातील सूनबाई गरोदर असते. सहाव्या महिन्यात तिच्या रक्तातील साखर वाढलेली निघते आणि डॉक्टर दिवसातून चार वेळा बोटाचे रक्त तपासून आकडा लिहून ठेवण्यास सांगतात. ही दुसरी वही मात्र पुष्कळ घरांत शुक्रवारी रात्री, एकाच बैठकीत, आठवेल तशी भरली जाते. कारण शनिवारी सकाळी तिचे छायाचित्र डॉक्टरांना पाठवायचे असते.

फोनवरून मिळणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याचे यश या वहीवर अवलंबून असते. समोर बसलेला डॉक्टर चेहरा पाहतो, पायावरची सूज दाबून पाहतो, शंका आली तर तिथल्या तिथे साखर तपासून घेतो. दूर बसलेल्या डॉक्टरपुढे मुख्यतः आकडेच असतात. त्या आकड्यांवरून इन्सुलिनची मात्रा ठरते. आकडा अंदाजाचा असेल तर मात्राही अंदाजाचीच ठरणार, आणि ती दोन जिवांना दिली जाणार.

गरोदरपणातील मधुमेह ही गोड खाण्याची शिक्षा नाही, हे प्रथम घरातील वडीलधाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. गर्भाबरोबर वाढणारी वार जी संप्रेरके तयार करते, ती आईच्या इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. साधारण २४ व्या आठवड्यापासून हा अडथळा वाढत जातो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून ती तूट भरून काढते; ज्यांना ते साधत नाही त्यांची साखर चढते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करू लागते, बाळाच्या अंगावर चरबी चढते आणि प्रसूती अवघड होते. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा एकाएकी थांबतो, बाळाच्या रक्तातील इन्सुलिन मात्र तसेच असते. त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. कोपनहेगनचे डॉ. यॉर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात ही साखळी उलगडून दाखवली. उपचारांनी ती तोडता येते. ऑस्ट्रेलियात सुमारे हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचार मिळालेल्या गटात बाळांना गंभीर अपाय होण्याचे प्रमाण १ टक्का, तर नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात ४ टक्के आढळले.

निदानाची चाचणी भारतात सोपी झाली, याचे मोठे श्रेय चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांना जाते. १० मार्च हा त्यांचा जन्मदिवस देशात या विकाराचा जागृती दिन म्हणून पाळला जातो. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. त्यासाठी उपाशीपोटी येण्याची अट नाही. आकडा १४० किंवा अधिक आला तर निदान पक्के. केंद्र सरकारच्या सूचनांनुसार ही चाचणी नावनोंदणीच्या वेळीच करायची असते आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. तामिळनाडूतील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरी भागातील १७.८ टक्के गर्भवतींना हा विकार आढळला. खेड्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. सूनबाई सडपातळ आहे म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत जो अभ्यास चालवला, त्यातून भारतीय बाळ वजनाने हलके असले तरी त्याच्या अंगात चरबीचा वाटा मोठा असतो, हे जगापुढे आले. वरून कृश, आतून स्थूल अशी ही ठेवण मोठेपणीही आढळते.

निदानानंतर पहिले दोन आठवडे आहार आणि चालण्याचा व्यायाम यांवर भर असतो. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, ही सर्वसाधारण मर्यादा. तेवढ्याने भागले नाही तर औषध किंवा इन्सुलिन. म्हणजे दर काही दिवसांनी आकडे पाहून निर्णय घ्यावा लागतो, आणि टेलिमेडिसिनचा उपयोग इथेच होतो.

या पद्धतीला देशात कायदेशीर चौकट मिळाली त्या दिवसाचा योग विलक्षण होता. २५ मार्च २०२० हा देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, आणि त्याच दिवशी टेलिमेडिसिनचे नियम जाहीर झाले. नागपूरची बाजारपेठ त्याच्या काही दिवस आधीच बंद झाली होती. एप्रिलमध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा हे इतवारीला लागून असलेले भाग सील झाले. धंतोली आणि रामदासपेठेतील दवाखाने दोन-चार किलोमीटरवर, पण तिथवर पोहोचणे अवघड. त्या काळात फोनवरचा डॉक्टर ही नाइलाजाची सोय होती. नाइलाज संपला, सोय मात्र राहिली, आणि आता ती सावधपणे वापरायला शिकण्याची वेळ आहे.

नियम वाचले तर व्यापारी माणसाला ते ओळखीचे वाटतील. बँकेत खाते उघडताना दोन्ही बाजूंची ओळख पटवावी लागते, तसेच येथे आहे. डॉक्टरने आपले नाव आणि नोंदणी क्रमांक सांगायचा, रुग्णाचे नाव व वय विचारून खात्री करायची, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहायचा, फी घेतली तर पावती द्यायची आणि संभाषणाची नोंद जपायची. सल्ला व्हिडिओवर, फोनवर किंवा लेखी संदेशाने देता येतो. कोणत्या वेळी कोणता मार्ग पुरेसा आहे हे डॉक्टर ठरवतो. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय भागणार नाही असे त्याला वाटले तर तसे सांगण्याचा त्याला अधिकार आहे. नव्हे, ते त्याचे कर्तव्यच आहे. सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरशी केलेला संपर्क पाठपुरावा मानला जातो आणि त्यात औषध बदलण्यास अधिक मोकळीक असते. संगणकीय बुद्धिमत्तेच्या यंत्राला स्वतः सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची या नियमांत परवानगी नाही. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण ज्या फोनवर डॉक्टरांचा संदेश येतो त्याच फोनवर कुटुंबाच्या गटात कारल्याच्या रसाचा महिमाही रोज येत असतो.

आणखी एक गोष्ट घराघरांत आढळते. फोन पतिराजांचा, क्रमांक पतिराजांचा, त्यामुळे डॉक्टरांशी बोलणेही दुकानातून पतिराजच करतात. सूनबाई घरी, आकडे तिच्याजवळ, आणि मधला दलाल दोन्हीकडचे निम्मे विसरतो. रात्री घाम फुटला होता का, बाळाची हालचाल कशी आहे, सुई कुठे टोचते, या प्रश्नांची उत्तरे गल्ल्यावर बसलेल्या माणसाजवळ नसतात. संमती रुग्णाची लागते आणि रुग्ण ती आहे. व्हिडिओवर तीच बसली पाहिजे. सासूबाई शेजारी बसल्या तर फारच उत्तम, कारण स्वयंपाकघराची किल्ली त्यांच्याकडे असते.

टेलिमेडिसिनचा खरा कस लागतो तो माहेरी. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि मुलगी नागपूरहून कारंजा लाडला, यवतमाळला किंवा गोंदियाला जाते. वैद्यकीय हिशेबाने पाहिले तर याहून अडचणीची वेळ शोधून सापडणार नाही. वारेचा अडथळा याच दिवसांत वाढत असतो, इन्सुलिनची मात्रा आठवड्याला बदलू शकते, आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टर बदलतो, स्वयंपाक बदलतो, कौतुकाचा मारा सुरू होतो. नागपूरच्या डॉक्टरने दोन महिन्यांत जे ओळखले, ते माहेरच्या डॉक्टरला पहिल्या भेटीत कसे कळावे? समृद्धी महामार्गामुळे कारंजा जवळ आले हे खरे, तरी आठव्या महिन्यात दर आठवड्याला तेवढा प्रवास करणे इष्ट नाही.

अशा वेळी एक सरळ व्यवस्था करता येते. प्रसूती जिथे व्हायची आहे तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे प्रत्यक्ष तपासणी ठेवावी आणि साखरेचा हिशेब नागपूरच्याच डॉक्टरांकडे फोनवरून चालू ठेवावा. मात्र दोन्ही डॉक्टरांना एकमेकांविषयी माहिती असावी आणि फाइलची प्रत दोघांकडे असावी. एकाच मालावर दोन आडत्यांनी परस्पर भाव ठरवला तर काय होते, हे कळमन्याच्या बाजारात कोणीही सांगेल. सरकारी सोयही हाताशी आहे. ई-संजीवनीवर घरबसल्या विनामूल्य सल्ला मिळतो. तेथे दर वेळी तोच डॉक्टर मिळेल असे नाही, म्हणून मात्रा ठरवण्यापेक्षा अडल्या वेळी शंका विचारण्यास ती सोय अधिक उपयोगी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, हेही गावी असताना ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी साहित्य मोजून न्यावे. २८ व्या आठवड्यापासून ४० व्यापर्यंत ८४ दिवस, रोज चार तपासण्या म्हणजे ३३६ पट्ट्या. डॉक्टर रोज चार सांगतीलच असे नाही, पण लहान गावात त्याच यंत्राच्या पट्ट्या मिळतीलच असेही नाही. ग्लुकोमीटरमधील तारीख आणि वेळ बरोबर लावून घ्यावी. यंत्र स्वतःच्या स्मृतीत आकडे साठवते, आणि घड्याळ चुकीचे असेल तर सकाळचा आकडा रात्रीच्या नावावर चढतो. आकडा लिहून पाठवण्यापेक्षा यंत्राच्या पडद्याचे छायाचित्र पाठवणे अधिक चांगले. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. गूळ फोडलेल्या किंवा मिठाई वाढलेल्या बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळून आकडा खोटाच वाढवते. किराण्याच्या घरात हे सहज घडते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विसर पडून चालणार नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या कप्प्यात राहते. बर्फाच्या कप्प्यात गोठले तर ते टाकून द्यावे लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा मोटारीच्या डिकीत ठेवलेल्या बाटलीत औषधाचा गुण उरत नाही. सुई घेऊनही साखर उतरत नाही अशी तक्रार फोनवर ऐकली की डॉक्टर मात्रा वाढवतात. बाटली उन्हात राहिली होती हे सांगितले तर बाटली बदलतात. पट्ट्यांच्या डबीवरही तापमानाची मर्यादा छापलेली असते, बहुतेक ३० अंशांची.

आहाराच्या बाबतीत फोनवरच्या सल्ल्याची मोठी उणीव दिसते, आणि ती घरच्यांनीच भरून काढायची आहे. दूरच्या आहारतज्ज्ञाने पाठवलेल्या तक्त्यात उकडलेले अंडे, गाजराची कोशिंबीर आणि रात्री नऊला दूध असते. तो कागद पाहून सासूबाई तो बाजूला ठेवतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. चूक तक्त्याची नाही. घराची रीत कोणी सांगितलेलीच नसते. बटाटा आणि रताळे वर्ज्य असणे साखरेच्या दृष्टीने उपकारकच आहे. पण अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, चातुर्मासात पालेभाजी बंद होते, आणि ताटातील रिकामी जागा पोळी-भात भरून काढतात. त्या दिवशीचा आकडा चढला तर डॉक्टरला कारण कळत नाही. म्हणून वहीत आकड्याशेजारी ताटात काय होते ते लिहावे आणि तिथीही लिहावी. मूग, मटकी, पनीर, ताक, मर्यादित पोळी अशी मांडणी या रीतीतही उत्तम बसते. खाखरा हलका वाटतो म्हणून पाच-सहा खाल्ले जातात, पण तो गव्हाचाच असतो. केशर-बदाम घातलेल्या दुधात साखर किती, हेही विचारले पाहिजे.

याहून नाजूक विषय रात्रिभोजनत्यागाचा आणि चौविहाराचा. डिसेंबरात नागपुरात सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी पावणेसातच्या आसपास उगवतो. नवकारशी त्यानंतर ४८ मिनिटांनी. म्हणजे चौदा तास अन्न नाही, पाणीही नाही. निरोगी शरीराला हे झेपते. गर्भवतीच्या शरीरात इतक्या अंतराने चरबी जळून कीटोन तयार होऊ लागतात आणि इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीची साखर पहाटे एकदम उतरू शकते. साखर ७० च्या खाली गेली, हात कापू लागले, घाम फुटला तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून लगेच द्यावी लागते आणि पंधरा मिनिटांनी काही खायला द्यावे लागते. त्या क्षणी घड्याळ आणि व्रत यांचा विचार करत बसणे बाळासाठी महागात पडू शकते. पच्चक्खाणांच्या परंपरेत आगार, म्हणजे अपवाद, पूर्वीपासून सांगितलेले आहेत. कोणता नियम कसा सांभाळायचा, हे महाराजसाहेबांना किंवा मुनिश्रींना आधीच विचारून ठेवावे. तसेच आपण रात्री खात नाही, हे डॉक्टरला पहिल्याच संभाषणात स्पष्ट सांगावे. ते ठाऊक असेल तर डॉक्टर संध्याकाळच्या सुईचा प्रकार, वेळ आणि मात्रा त्या बेताने ठरवू शकतो. पुष्कळ सुना संकोचाने हे लपवतात आणि हो-हो म्हणतात; त्यांच्या वहीत रात्री नऊचे दूध लिहिलेले असते, पोटात गेलेले नसते. पर्युषणातील किंवा दशलक्षणातील उपवासाबाबतही हेच.

इन्सुलिनविषयी जुन्या पिढीच्या मनात एक आक्षेप असतो आणि एके काळी तो खरा होता. १९२० च्या दशकापासून कित्येक वर्षे इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. १९८२ मध्ये जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत बाजारात येण्यास मान्यता मिळाली. २००३ मध्ये वोखार्टने आपल्याच राज्यात, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, असे इन्सुलिन तयार करून भारतात आणले. पाठोपाठ बंगळुरूच्या बायोकॉनचे आले. आज डॉक्टर सामान्यतः लिहून देतात ते इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टच्या साह्याने बनलेले असते. तरीही शंका असेल तर बाटलीचे छायाचित्र पाठवून डॉक्टरांना विचारावे. सुई टाळून चार दिवस गप्प बसू नये. पहिली सुई घ्यायला मात्र समोर बसूनच शिकावे. ते व्हिडिओवर शिकण्याचे काम नाही.

फोनवरून न होणाऱ्या गोष्टींची घरात सर्वांना कल्पना हवी. रक्तदाब, वजन, लघवीतील प्रथिने आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी यांसाठी प्रत्यक्ष जावेच लागते. बाळाची हालचाल कमी झाली, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधुक झाले, रक्तस्राव झाला, पाणी गेले किंवा उलट्या थांबेनात, तर संदेश पाठवून निळ्या खुणेची वाट पाहू नये, गाडी काढावी.

दूरवरच्या देखरेखीचे फायदे कितपत सिद्ध झाले आहेत, याचे उत्तर बरे आहे, पण नेमस्त आहे. ऑक्सफर्डमध्ये सुमारे दोनशे स्त्रियांपैकी निम्म्यांना फोनवरील ॲपद्वारे आणि निम्म्यांना नेहमीप्रमाणे दवाखान्यात पाहिले गेले. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी साखर दोन्ही गटांत सारखीच राहिली. ॲपच्या गटात नोंदी अधिक नियमित झाल्या आणि स्त्रिया अधिक समाधानी होत्या. सिझेरियनचे प्रमाणही २७ विरुद्ध ४६ टक्के असे कमी दिसले. परंतु एवढ्या लहान अभ्यासावरून तेवढीच बचत आपल्याही पदरात पडेल असे गृहीत धरणे घाईचे ठरेल. फेऱ्या वाचल्या आणि साखर बिघडली नाही, हा फायदा काही थोडा नाही.

प्रसूतीनंतर मात्र बहुतेक घरांत ही वही एका दिवसात अडगळीत जाते. वार बाहेर पडली की साखर सहसा झपाट्याने उतरते, इन्सुलिन बंद होते, पेढे वाटले जातात. सव्वा महिन्यात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपातला शिरा यांची रेलचेल असते. ज्या स्त्रीला गरोदरपणी मधुमेह झाला, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सुमारे सातपट असते, असे जगभरातील अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये दाखवले गेले. म्हणून सहाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायची असते. नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवरचा शेवटचा ठरलेला संपर्क त्या अहवालानंतरचा असावा, त्याआधीचा नसावा. तारीख लक्षात ठेवण्याची वेगळी गरज नाही. बाळाची सहाव्या आठवड्याची लस त्याच सुमारास येते आणि ती कार्डावर छापलेलीच असते. दोन्ही कामे एका फेरीत होतात. ग्लुकोज प्यायल्यावर आईला दोन तास बसून राहावे लागते. तेवढा वेळ बाळाला मांडीवर घेण्यासाठी आजीने सोबत जावे.